मोरोक्कोची शाही शहरं : ग्रुप टूरचा अनुभव, काही महिन्यांनी

कासाब्लांका, मग कधी ना कधी राजधानी राहिलेली चार शाही शहरं: रबात, मेकनेस, फेझ, मराकेश. मोरोक्कोच्या बऱ्याच ग्रुप टूर याच वाटेने जातात, आमचीही तशीच गेली. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी थोरली बहीण एका मराठी कंपनीबरोबर जाऊन आलो. ‘कशी झाली गं टूर?’ असे फोन अजून येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढंच वाचा: शहरं दहापैकी दहा, स्थानिक गाइड नऊ, कार्यक्रमाची आखणी पाच.

कासाब्लांका आणि रबात पटकन उरकते, कारण कंपनीनेही ती तशीच उरकली. मोरोक्कोत बिगर-मुस्लिमांना मशिदीत जाता येत नाही. कासाब्लांकाची राजे हसन दुसरे यांची मशीद हा त्यातला मोठा अपवाद. 1993 साली पूर्ण झालेली, मिनार 210 मीटर उंच, काही भाग थेट समुद्रावर बांधलेला. आत ठरलेल्या वेळी गाइडबरोबर नेतात, चपला पिशवीत घालून हातात धरायच्या. भव्य आहे, पण मला ती शेवटपर्यंत परकीच वाटली. रबातचा हसन मनोरा जास्त आवडला. बांधवून घेणारा सुलतान याकूब अल-मन्सूर 1199 मध्ये वारला आणि काम थांबलं ते थांबलंच. अर्धा मनोरा आणि समोर न झालेल्या मशिदीच्या खांबांच्या रांगा. पाऊण तास दिला होता, तेवढा पुरला.

मेकनेस आणि व्होल्युबिलिस एकाच दिवशी ठेवलं, ही मात्र आखणीतली खरी शहाणी गोष्ट. व्होल्युबिलिस म्हणजे रोमन शहराचे अवशेष. 217 सालची रोमन सम्राट काराकालाची कमान, तेलाचे घाणे आणि घराघरांत जमिनीवर जागच्या जागी असलेली मोझेक चित्रं. त्यातल्या एकात एक कसरतपटू गाढवावर उलटा बसलाय. ताई तिथून हलायलाच तयार नव्हती. मग मेकनेसला मौले इस्माईल सुलतानाच्या काळातल्या वास्तू दिसतात आणि कळतं, की या माणसाने त्या रोमन अवशेषांतले दगड आणि संगमरवर आपल्या बांधकामासाठी उचलून आणले. बाब मन्सूर दरवाजा त्याच्या मुलाने 1732 मध्ये पुरा केला, त्याचेही संगमरवरी खांब तिकडचेच म्हणतात. दगड जिथून गेले ती जागा सकाळी आणि जिथे आले ती दुपारी, दोन्ही एका दिवसात बघायला मिळाल्या. फक्त व्होल्युबिलिसला सावली नाही. हिवाळा असूनही टोपी लागली.

आता फेझ. या टूरचे पैसे मी फेझसाठी दिले असं म्हटलं तरी चालेल.

तटाच्या आतलं जुनं शहर, म्हणजे मेदिना, नवव्या शतकापासून नांदतंय. गाड्या आत येत नाहीत, माल खेचरावरून जातो. मागून ‘बालाक! बालाक!’ अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं, मग गॅसचे सिलिंडर लादलेलं खेचर पोटाला घासून जातं. सफ्फारीन चौकात तांब्याची भांडी घडवतात, तो ठोक्यांचा आवाज ऐकून आम्हा दोघींना पुण्याची तांबट आळी आठवली. तिथून दोन पावलांवर करवीन मशीद. परंपरेप्रमाणे 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने ती उभारली, आणि तिच्याच आवारात वाढलेलं विद्यापीठ जगातल्या सर्वांत जुन्यांत गणलं जातं. आपण दारातूनच डोकवायचं.

मशिदी बंद म्हणून खरं बघणं मदरशांत होतं. बू इनानिया मदरशाच्या अंगणात खाली रंगीत फरशांची नक्षी, वर कोरीव चुना, त्याच्या वर देवदाराचं लाकूड. ही नक्षी, झेलीज, कशी होते ते आमच्या फेझच्या गाइडने एका कारखान्यात बसवून दाखवलं. कारागीर मांडी घालून बसतो, झिलईची फरशी छिन्नीवर धरतो आणि धारदार, जड हातोड्याने तिचे नखाएवढे तुकडे पाडतो. मग ते तुकडे पालथे मांडतो. रंगाची बाजू खाली, म्हणजे जुळवताना रंग त्याला दिसतच नाही, सगळं डोक्यात. वरून गिलावा ओतून लादी उलटली की नक्षी समोर येते. इथे मला दिवसभर बसवलं असतं तरी बसले असते.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. बू इनानिया बांधणारा सुलतान अबू इनान. मोरोक्कोतल्याच टांजियर शहराचा, चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता जग पालथं घालून परत आला, तेव्हा याच सुलतानाने त्याला सगळा प्रवास सांगून लिहवून घ्यायला लावला. ते काम फेझमध्ये 1355 च्या सुमारास पुरं झालं. त्यात आपलं दौलताबाद आहे, मराठ्यांचा उल्लेख आहे, किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरांना पळवून लावणारे उंदीर आहेत! हे मला घरी आल्यावर वाचताना कळलं. चाळीसेक मराठी माणसं त्या अंगणात सेल्फी काढत उभी होती आणि टूर मॅनेजर ‘चला, लंच’ म्हणत होता. माहितीपत्रकावर ‘सांस्कृतिक सहल’ छापता ना, मग निदान आपल्या मॅनेजरला दोन पानं वाचायला द्या. स्थानिक गाइडला दोष नाही. परवानाधारक, बिल्लावाला, जन्म त्याच गल्ल्यांत गेलेला. देवगिरी कुठे आहे हे त्याला कसं ठाऊक असणार?

दुसरी तक्रार वाराची. आमचा फेझचा एकमेव पूर्ण दिवस शुक्रवारी टाकला होता. दुपारच्या नमाजानंतर निम्म्याहून जास्त दुकानं बंद, भांड्यांचा चौकही गप्प. उघडं काय होतं? चामड्याचं दुकान. शुआरा टॅनरी, म्हणजे कातडी कमावण्याची जागा, त्याच्या गच्चीवरून बघायची, नाकाशी धरायला पुदिन्याची काडी मिळते. चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेल्या हौदांत कातडी मऊ करतात, मग रंगाच्या हौदांत. गुडघाभर पाण्यात उभी माणसं. दृश्य विसरता येत नाही, पण त्यानंतर तासभर विक्री चालली. पुढे गालिचे, मसाले, आर्गन तेल, असे थांबे रोजच. कमिशनचं गणित सगळ्यांना कळतं, कुणी बोलत नाही. मी घेतलेल्या पिवळ्या बाबूश चपला पावसाळ्यात अशा वास मारायला लागल्या की आता त्या गॅलरीत असतात. आर्गन तेल मात्र बरं निघालं.

जेवण: रोज रात्री ‘भारतीय बुफे’. शाकाहारी लोक खूश, ताईही खूश. मला वाईट वाटलं, कारण फेझमध्ये बिसारा मिळतो, वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. आम्ही दोघी बुफे बुडवून एका टपरीवर तो प्यायलो. झालूक म्हणजे वांग्याचं भरीतच म्हणा, तेही निर्धास्त खा. हरिरा सूप आणि ‘भाज्यांचा’ कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या दाण्यांचा पदार्थ) मात्र विचारून घ्या, बरेचदा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो.

फेझ ते मराकेश हा पाचशे-एक किलोमीटरचा दिवस पत्रकात ‘निसर्गरम्य प्रवास’ म्हणून येतो. देवदाराच्या जंगलात माकडं दिसतात, मग उरलेला दिवस बस. मराकेश सुंदर, पण गर्दीचं. सादी घराण्यातल्या सुलतानांच्या कबरींच्या मुख्य दालनात डोकवायलाच मोठी रांग. जमा अल-फना चौकात संध्याकाळी गोष्टी सांगणाऱ्यांभोवती कोंडाळं जमतं. भाषा दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोली अरबी, अनुवाद कोण करणार? सापवाल्याच्या दिशेने फोन वळवलात की पैसे मागायला माणूस हजर.

ताईचे गुडघे दुखरे आहेत. फेझला चढउतार, घसरडे दगड, वाहन नाही. तिने काठी घेऊन जमवलं, पण परत येताना चढ होता तेव्हा गाइडने बाहेरच्या रस्त्यावर टॅक्सी मागवून दिली. तशी सोय होते, सकाळीच सांगून ठेवायचं.

बुकिंग करणार असाल तर कंपनीला ‘किती शहरं’ विचारू नका. फेझला किती रात्री, त्यात शुक्रवार येतो का, आणि दुकानांचे थांबे सोडून गाइडबरोबर पायी किती तास, हे लेखी मागा. रमजानच्या तारखाही बघून घ्या, वेळा सगळ्या बदलतात. टांजियर आमच्या कार्यक्रमात नव्हतं. इब्न बतूताची म्हणून दाखवतात ती कबर तिथे आहे, पुढच्या खेपेला आम्ही दोघी स्वतःच ट्रेनने जाणार आहोत.