त्रिफारीचे जुने दागिने : पावसाळाभर वापरल्यानंतर

पदराला लावायला म्हणून मी त्रिफारी या खोटे दागिने बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा पानाच्या आकाराचा सोनेरी ब्रोच घेतला. पाठोपाठ खड्यांचा मुकुट-ब्रोच आणि क्लिपची कानातलीही आली. सगळं वापरलेलं, अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांकडून मागवलेलं. आता पावसाळा उलटून गेला आहे, तेव्हा ठामपणे लिहिता येईल.

पानाचा ब्रोच ऑफिसला जवळजवळ रोज लावते. मुलामा कुठेही उडालेला नाही, टाचणीची कडी अजून घट्ट बसते. त्याच्या मागे कंपनीच्या नावाशेजारी कॉपीराइटचं चिन्ह आहे. जुनी त्रिफारी घेताना ते आधी शोधा. १९५५ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने चारेल या कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्रिफारीच्या बाजूने निकाल दिला आणि खोट्या दागिन्याचं डिझाइनही कलाकृती म्हणून कॉपीराइटला पात्र ठरलं. हे चिन्ह त्यानंतरच्या मालावर येतं. त्याआधीच्या दागिन्यांवर बहुधा पेटंटचा उल्लेख असतो.

मुकुटाच्या मागे ‘स्टर्लिंग’ असा छाप आहे, म्हणजे खाली चांदी आणि वर सोन्याचा मुलामा. दुसऱ्या महायुद्धात नेहमीचे धातू शस्त्रांकडे वळवले गेले, म्हणून या लोकांनी चांदी वापरली. युद्ध संपल्यावर १९४७ च्या सुमारास ते पुन्हा स्वस्त मिश्रधातूवर आले आणि त्याला ‘ट्रायफेनियम’ असं भारदस्त नाव दिलं. नाव जाहिरातीसाठी असेल, पण रोजच्या वापराला तोच माल मला चांदीपेक्षा बरा वाटला. चांदी मुलाम्याच्या कडांनी काळवंडते.

मुकुट हातात घेतला की कारागिरी कळते. नेपल्सच्या सोनार घराण्यातला गुस्ताव्हो त्रिफारी १९०४ मध्ये न्यू यॉर्कला आला. पुढे क्रुसमन आणि फिशेल हे भागीदार मिळाले. पण कंपनीचं रूप खऱ्या अर्थाने घडवलं ते आल्फ्रेड फिलिपने. त्याआधी तो ज्या कारखान्यात होता तिथे कार्तिए आणि व्हॅन क्लीफ या खऱ्या रत्नांच्या नामवंत पेढ्यांसाठी दागिने बनत. १९३० ते १९६८ एवढा काळ तो त्रिफारीत मुख्य डिझायनर होता आणि जडावाची ती शिस्त त्याने काचेच्या खड्यांना लावली. लाल-हिरव्या-निळ्या कोरीव काचेच्या पानांचे त्याचे ब्रोच तर मला फारच जवळचे वाटतात. भारतातली कोरीव माणकं-पाचू आधी कार्तिएने पॅरिसमध्ये जडवली, त्याचीच ही न्यू यॉर्कमधली काचेची आवृत्ती. १९५३ च्या शपथविधी सोहळ्याच्या नृत्यसमारंभाला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मॅमी आयझेनहॉवर यांनी त्रिफारीचे कृत्रिम मोती घातले, ते याच फिलिपचं काम.

आता त्रास. मुकुटातला एक खडा आला तेव्हाच मेलेला, म्हणजे चमक गेलेला होता. विक्रेत्याच्या फोटोत ते दिसत नव्हतं. खड्यामागच्या बेगडीला ओल लागली की चमक जाते आणि परत येत नाही. म्हणून पाण्यात बुडवू नका, सोनाराच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर मुळीच टाकू नका. अत्तर आधी, दागिना नंतर. मऊ कोरड्या कापडाने पुसून, सिलिकाच्या पुडीसह वेगळ्या डबीत ठेवा. माझ्याकडे पावसाळ्यात आणखी एकही खडा गेला नाही, तो यामुळेच.

क्लिपची कानातली तासाभरानंतर दुखतात, लग्नात पूर्ण वेळ घालणं अशक्य. ब्रोचची टाचणी जाड आहे. पैठणीला भोक पडेल. मी सुती आणि खादीवरच लावते, आतून फेल्टचा तुकडा ठेवून.

पहिलाच दागिना घेणार असाल तर पन्नाशीच्या दशकातला बिनखड्याचा सोनेरी ब्रोच घ्या. त्रिफारी कंपनी १९७५ मध्ये हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या अमेरिकी कंपनीने घेतली, पुढेही तिचे मालक बदलत गेले. त्या काळातल्या मालावर नाव तेच आहे, पण मी पाहिलेल्या दागिन्यांत ते वजन आणि ती घडण नव्हती. त्यासाठी जुन्या मालाचे पैसे मोजू नका.