फुकटची लेक्चरं आम्हाला ९४,४०० रुपयांना विकली

आधी आकडे सांगतो. मुलासाठी घेतलेल्या ऑनलाइन क्लासच्या सीट बुकिंगचे ४,४०० रुपये यूपीआयने. उरलेल्या ९०,००० चं कर्ज माझ्या नावावर, ७,५०० चे बारा हप्ते. वर कर्जाची प्रोसेसिंग फी १,१८०, जिचा फोनवर कुणी उल्लेखही केला नव्हता. पाच हप्ते भरून झालेत. म्हणजे ४३,०८० रुपये गेले आणि ५२,५०० अजून डोक्यावर आहेत. हे सगळं कशासाठी, तर एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात त्या लेक्चरांसाठी.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे, टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. पुण्यात ज्यांच्या घरी मेकॅनिकलचं पोर आहे त्यांना ही धास्ती वेगळी सांगायला नको. हिंजवडीच्या आयटीत जायचं तर कोडिंग विचारतात, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत डिझाइनला जायचं तर कॅड, म्हणजे संगणकावर डिझाइन काढणं, हातात बसलेलं लागतं. कॉलेजात शिकवतात तेवढ्यावर भागत नाही. इंटरनेटवर तर ढीग पडलाय. त्यात दाणे कुठले आणि भुसा कुठला हे विद्यार्थ्यालाच कळत नाही, बापाला काय कळणार? या क्लासवाल्यांचा धंदा नेमका त्यावर चालतो. इंजिनिअरिंग आणि आयटीचं सगळं दर्जेदार साहित्य एकाच ठिकाणी देतो म्हणाले. व्हिडिओ, पाच हजार पुस्तकं, सॉफ्टवेअरची लायसन्सं, घरबसल्या लॅब, शिवाय नोकरीची हमी.

मी काही मोबाइलवरच्या जाहिरातीला भुललो नव्हतो. यांचा सेमिनार मुलाच्या कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. स्टेजवर विभागप्रमुख बसले होते, हारतुरे झाले. ज्यांना कॉलेजने आत घेतलं त्यांच्यावर बापाने संशय घ्यायचा म्हणजे कशाच्या जोरावर?

१९ जुलैला संध्याकाळी त्यांच्या कौन्सिलर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. ‘काका, आजची ऑफर सहापर्यंतच आहे, नंतर पूर्ण १,२०,००० पडतील.’ पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी नमुना म्हणून एक लेक्चर दाखवलं. प्राध्यापक फळ्यावर समजावत होते, शिकवणं उत्तमच होतं, त्याबद्दल आजही तक्रार नाही. पण स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक धुरकट चौकोन होता. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, ‘बाबा, तिथे लोगो झाकलाय का कसला?’

आणि मी त्याला गप्प केलं. ‘मध्ये बोलू नकोस, मॅडम सांगतायत ना,’ असं म्हणालो.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बावीस वर्षं मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. फर्स्ट पीस हातात घेतल्याशिवाय मी लॉट पुढे जाऊ देत नाही. सप्लायरने पार्टवर कुठे ग्राइंडिंग मारून नंबर पुसलेला दिसला तर अख्खी गाडी परत पाठवतो, कारण ज्याचा माल त्याने नंबर पुसायचं कारणच काय? पोराला दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. पण घड्याळाकडे बघत होतो, आणि समोर मुलाच्या नोकरीचा विषय होता. अशा वेळी माणूस तपासत नाही, फक्त घाई करतो. त्यांना तेच हवं असतं.

मग ओटीपी. पहिला ‘रजिस्ट्रेशनचा’, दुसरा ‘केवायसीचा’, तिसरा ‘कन्फर्मेशनचा’. तिसरा प्रत्यक्षात कर्जाच्या करारावरची माझी सही होती आणि चौथा दर महिन्याच्या ऑटो-डेबिटची परवानगी. मेसेजमध्ये तसं लिहिलेलं होतं, पण मॅडम फोनवर घाई करत होत्या आणि मी मेसेजमधले फक्त सहा आकडे वाचले. कुणीही कितीही गोड बोलू दे, ओटीपीचा मेसेज पहिल्या शब्दापासून वाचा. तो कशासाठी आलाय हे त्यातच असतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे सवलतीचे हप्ते असं मी समजत होतो. तसं नसतं. वित्त कंपनी क्लासवाल्यांना रक्कम एकदम देऊन मोकळी होते, आणि क्लास चालो न चालो, कर्जदार तुम्ही. ऑनलाइन कर्ज घेतल्यावर सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तो कळला ऑक्टोबरात.

ऑक्टोबरातच बाकीचंही कळलं. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा हीट ट्रान्सफरचा एक मुद्दा यूट्यूबवर शोधत होता. तेच प्राध्यापक, तोच फळा. आमच्या ‘लाइव्ह’ क्लासमध्ये ज्या समीकरणापाशी सरांचा खडू मोडला होता, तिथेच इथेही मोडला. कोपऱ्यात एनपीटीईएलचा लोगो स्वच्छ दिसत होता. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून २००३ पासून उभं केलेलं हे काम, सरकारी पैशातून, सगळ्यांसाठी खुलं. बघायला रुपया लागत नाही. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, तीही साधारण हजार रुपये.

त्या रात्री आम्ही दोघं एकेक गोष्ट उघडत बसलो. त्यांचं ‘कॅडचं लायसन्स’ म्हणजे ऑटोडेस्क ही सॉफ्टवेअर कंपनी विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी फुकट देते तेच, मुलाने कॉलेजच्या ईमेलवरून स्वतः घेतलं असतं. ‘घरबसल्या लॅब’ म्हणजे व्हर्च्युअल लॅब्जच्या लिंका, त्याही सरकारी आणि फुकट. पायथॉनचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून उचललेले. तिथे कितीतरी धडे मराठीतूनसुद्धा आहेत. पाच हजार पुस्तकं म्हणजे चोरून स्कॅन केलेल्या पीडीएफ, काहींवर कुठल्याशा लायब्ररीचा शिक्का तसाच. अभ्यासाचं साहित्य शोधायचं असेल तर आयआयटी खरगपूर चालवते ती नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, नाव नोंदवायलाही पैसे नाहीत. आणि कुणी व्हिडिओ विकत असेल तर शिकवणाऱ्याचं नाव आणि विषय टाकून आधी यूट्यूबवर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही.

पावतीवर १४,४०० रुपये जीएसटी लावलेला आहे. पावतीवरचा त्यांचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकून बघितला, नोंदणी रद्द झालेली. म्हणजे तो करसुद्धा यांच्याच खिशात. हे शोधायला लॉगिनही लागत नाही. पैसे भरायच्या आधी बघा, माझ्यासारखं नंतर नको.

डिसेंबरात त्यांच्या ऑफिसला गेलो. भाड्याच्या को-वर्किंग जागेतली सहा खुर्च्यांची केबिन, रिकामी. खालचा वॉचमन म्हणाला, ‘तुम्ही या आठवड्यातले चौथे.’

मग माझे खरे हाल सुरू झाले. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर ऑफिस ज्या हद्दीत आहे तिकडे जा म्हणाले. तिकडे गेलो, तर पैसे तुमच्या घरून गेले, तुमच्या हद्दीत तक्रार द्या. अर्धा दिवस पगार कापून तीन चकरा मारल्या. शेवटी एक साहेब फाइल न उघडताच म्हणाले, ‘सही तुमची, ओटीपी तुमचा, व्हिडिओ मिळाले. हे सिव्हिल मॅटर आहे.’ चोरीचा माल मिळाला म्हणून फसवणूक होत नाही? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. मी ते छापून नेलं होतं. ‘कायदा आम्हाला शिकवू नका’ एवढंच ऐकून परत आलो. साधा पोचशिक्का मिळवायला मला चौथी चकर मारावी लागली.

कॉलेजला विचारलं, तर ‘आम्ही फक्त हॉल दिला होता.’ वित्त कंपनी म्हणते, क्लासचं क्लासशी बोला. मात्र त्यांची वसुलीची पोरं बरोबर फोन करतात, एकदा तर बायकोच्या शाळेत केला. ती शिक्षिका आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तिला ‘तुमचे मिस्टर थकबाकीदार आहेत’ ऐकावं लागलं. मी आयुष्यात कुणाचे दहा रुपये बुडवलेले नाहीत. जानेवारीपासून हप्ता थांबवलाय, सिबिल खाली जाणार हे माहीत असून. वित्त कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, तिथे जाणार आहे. यूपीआयने नुकतेच पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माझ्यासारखे महिने घालवून नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि एकाच कंपनीने फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार देता येते. आम्ही सात जण जमलोय. त्या दिवशी हॉलमध्ये शंभराच्या आसपास पोरं होती, बाकीच्यांचे आईबाप कुठेतरी असतीलच. लाज वाटून गप्प बसला असाल तर कळतंय मला. सख्ख्या भावाला मीसुद्धा अजून सांगितलेलं नाही. पण त्या १४,४०० जीएसटीवाल्या पावतीचा फोटो काढून ठेवा, कौन्सिलरचे चॅट डिलीट करू नका, आणि या महिन्याच्या आत पुढे या, कागद तयार होतायत.