बी.कॉम. पुरं करावं की टर्मिनलसमोर बसावं?

रविवारी सकाळी ताईनं मुद्दाम पोह्यांना बोलावलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. इंदूरच्या सुदामानगरातल्या तिच्या घरी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरून होईपर्यंत सगळे गप्प. मग ताई एकदम म्हणाली, "आता तूच सांग याला. कॉलेज सोडतो म्हणतोय."

भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठरा पूर्ण झाल्या झाल्या त्यानं डीमॅट खातं उघडलं आणि आता दिवसभर निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे शेअर निर्देशांक कुठं जाईल यावरचे सौदे, घेतो-विकतो. त्याचं म्हणणं, "मामा, मार्केट कुणाची मार्कशीट मागत नाही." भाऊजींचं म्हणणं, पदवीशिवाय माणूस उभाच राहू शकत नाही. मी वीस वर्षं इथल्याच एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात डीलर होतो, टर्मिनलवर म्हणजे बाजाराला जोडलेल्या संगणकावर गिऱ्हाइकांचे सौदे करायचो, म्हणून निवाडा माझ्या गळ्यात. त्या दिवशी जिलेबी आणायच्या निमित्तानं मी सटकलो. पुढचं सगळं नंतर शांतपणे जुळवलेलं आहे. त्याच्यासारखी मुलं इंदूरच्या गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या घरच्यांनाही उपयोगी पडेल.

कोण काय विचारतं

स्वतःच्या पैशानं ट्रेडिंग करायचं असेल तर भाचा म्हणतो ते खरंच आहे. पॅन, बँक खातं, केवायसी आणि फ्युचर्स (पुढच्या तारखेचे वायदे) व ऑप्शनसाठी उत्पन्नाचा पुरावा. संपलं. कुणी दहावीचा दाखलासुद्धा मागत नाही.

दुसऱ्याच्या पैशाशी संबंध आला की प्रश्न बदलतात. सेबीकडे, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी करायची तर पदवी लागते आणि वर एनआयएसएम या सेबीच्याच संस्थेची परीक्षा. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनच्या टर्मिनलवर बसायचं तर एनआयएसएमची सिरीज आठ: १०० गुणांचा पेपर, पास व्हायला ६०, आणि चुकलेल्या उत्तराचे पाव गुण कापतात. या परीक्षेला पदवीची अट नाही, त्यामुळे हे दार बारावीवाल्यालाही उघडं आहे. मुंबईतल्या मोठ्या प्रॉप डेस्कची, म्हणजे कंपनीच्याच पैशानं ट्रेडिंग करणाऱ्यांची, गोष्ट निराळी. त्यांना आयआयटीतली, गणित-संख्याशास्त्रातली, कोडिंग येणारी मुलं हवी असतात. तिथं साधं बी.कॉम.ही पुरत नाही, हे भाऊजींनाही सांगायला हवं.

इंदूरात यात आणखी एक घोटाळा होतो. टिप देणाऱ्या सल्लागार कंपन्यांनी आपल्या शहराचं नाव देशभर केलं, आणि सेबीची कारवाईही ओढवून घेतली. त्यांच्या कॉल सेंटरात कुठलीही पदवी नसलेली मुलं हेडफोन लावून "सर, जॅकपॉट कॉल है" म्हणत बसायची. ती आपल्याला ट्रेडर म्हणवत. पण ती खुर्ची ट्रेडरची नव्हती, विक्रीची होती. भाच्याचे निम्मे आदर्श तिथून आलेले आहेत.

मी आणि तो

पदवीनं ट्रेडिंग चांगलं होतं का? इथं माझं उत्तर भाऊजींना आवडणार नाही.

२१ जानेवारी २००८, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात १४०० अंकांहून जास्त कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी उघडताच सर्किट लागून तासभर व्यवहार बंद. ऑफिसात माझ्या शेजारच्या टर्मिनलवर एक जण बसायचा, बारावी नापास. आम्हा दोघांकडे एकाच शेअरचे फ्युचर्स होते. त्याच्या टेबलाच्या काचेखाली सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेनानं एक भाव लिहिलेला असायचा. त्या भावाखाली गेला की विकायचं, बस. सोमवारी भाव तिथं आला, त्यानं तोटा बुक केला आणि खाली जाऊन कचोरी खाऊन आला.

मी बी.कॉम., फर्स्ट क्लास. मला त्या कंपनीचा ताळेबंद पाठ होता. कर्ज कमी, विक्री वाढतेय, मग शेअर पडेलच कसा? म्हणून मी अ‍ॅव्हरेज केलं, म्हणजे पडत्या भावात आणखी घेतलं. दुपारी पुन्हा केलं. मंगळवारी मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवायची रक्कम, भरता आलं नाही आणि चालू सौदा मोडला. पुढची अडीच वर्षं मी ते पैसे पगारातून फेडले. मी जे शिकलो होतो ते चुकीचं नव्हतं, पण त्या दोन दिवसांत त्याचा उपयोग मी बाजाराशी वाद घालायला केला.

एवढ्यावर थांबलो तर भाचा उड्या मारील. म्हणून पुढचंही सांगतो. स्वस्त ऑनलाइन ब्रोकर आले, आमचं गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं आणि ऑफिस बंद पडलं. मला पदवीच्या जोरावर दोन महिन्यांत एका कंपनीत अकाउंट्सला घेतलं. ट्रेडिंगमध्ये माझ्याहून कितीतरी सरस असलेला तो माणूस सात महिने घरी बसला. जाहिरातीत 'ग्रॅज्युएट' लिहिलं असलं की त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत उडायचा. आज तो स्वतःच्या पैशावर ट्रेडिंग करतो आणि बरं चाललंय. पण घरचा किराणा आणि मुलांची फी वहिनींच्या शाळेच्या पगारातून जाते. भावाखाली गेलं की शांतपणे विकता यायला असा आधार लागतो. पुठ्ठ्यावर भाव लिहिणं त्यातल्या त्यात सोपं.

मोठ्या नावांचा पुरावा

वादात दोन्ही बाजू नावं फेकतात. डी-मार्टच्या राधाकिशन दमाणींनी बी.कॉम. अर्धवट सोडलं. बडे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला सीए होते. झिरोधा या ऑनलाइन ब्रोकर कंपनीच्या कामत बंधूंत मोठा इंजिनिअर, धाकट्यानं शाळाच सोडलेली. आपल्या इंदूरचे सर सेठ हुकुमचंद 'कॉटन किंग' म्हणून ओळखले गेले, ते काही कॉलेजमुळे नव्हे. उलट बाजूला अमेरिकेतला एलटीसीएम हा गुंतवणूक फंड बघा. १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले दोघे त्यात भागीदार होते आणि १९९८ मध्ये फंडाचे साडेचार अब्ज डॉलरहून जास्त बुडाले. तर तिथलेच फंडवाले जिम सायमन्स हे गणिताचे पीएच.डी., आणि त्यांनी तशीच माणसं गोळा करून अफाट पैसा कमावला. अशा नावांनी कुणाचंच काही सिद्ध होत नाही.

मला यातला एकच किस्सा कामाचा वाटतो. १९८३ मध्ये शिकागोचे ट्रेडर रिचर्ड डेनिस यांची आपल्या भागीदाराशी पैज लागली, की ट्रेडिंग शिकवता येतं का. त्यांनी जाहिरात देऊन निरनिराळ्या धंद्यांतली माणसं निवडली, दोन आठवडे नियम शिकवले आणि ट्रेडिंगला बसवलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी चांगला पैसा केला. 'बघा, पदवी लागत नाही' म्हणून ही गोष्ट सांगतात. खरंच आहे. पण त्यांना शिकताना हरायला पैसे डेनिसनी दिले होते. भाच्याला कोण देणार? भाऊजी.

वहीतला हिशेब

मी भाच्याला त्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर पाठवतो ती सौद्यांची बिलं, काढायला लावल्या. दिवसाला सरासरी दहा सौदे, म्हणजे घेणं-विकणं मिळून वीस ऑर्डर. ऑर्डरमागे २० रुपये ब्रोकरेज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३.६०. दिवसाचे ४७२ रुपये. महिन्यात वीस दिवस धरले तर ९,४४०. त्याचं भांडवल ५०,०००. म्हणजे महिन्याला १९ टक्के कमावले की तो ब्रोकरेजपुरता बरोबरीत. एसटीटी हा सौद्यांवरचा कर, एक्सचेंजचा चार्ज आणि स्टॅम्प ड्यूटी वेगळीच. तो कागदाकडे बघत राहिला. चार्ट बघतो, कॉन्ट्रॅक्ट नोट उघडत नाही!

या हिशेबाला पदवी लागत नाही, सातवीचा भागाकार पुरतो. पण बी.कॉम.च्या वर्गात बसलेल्या मुलाला असा कागद मांडायची सवय लागते, निदान लागायला हवी. संख्याशास्त्र घेतलेल्याला हेही कळतं की वीस सौद्यांतले तेरा बरोबर आले तरी त्यावरून आपली पद्धत चालते असं म्हणता येत नाही. फ्युचर्स-ऑप्शनचं उत्पन्न धंद्याचं धरतात, त्याचा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरचा, तोटा चारच वर्षं. हे ठाऊक नसल्यानं तोट्याचं रिटर्नच न भरणारी पोरं मी ढिगानं पाहिली.

उलट, घाबरल्यावर बोट कुठल्या बटणावर जाईल हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. ते फक्त टर्मिनलसमोर कळतं, आणि थोड्या पैशात कळलेलं बरं.

तीन वर्षांनी

माझ्या मते खरी तुलना इथं आहे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा राहिलेले फक्त एक टक्का. यात पदवीधर भरपूर असणार, तेव्हा पदवी म्हणजे कवच नव्हे. पण मग आपला मुलगा बहुतेक ९३ मध्येच असेल, असं धरूनच दोन्ही वाटा तपासायच्या.

पदवी सोडून गेला आणि जमलं नाही, तर तेविसाव्या वर्षी हातात बारावीची मार्कशीट, दोन-अडीच लाखांचं भगदाड आणि अशी तीन वर्षं जी बायोडेटात लिहिता येत नाहीत. पदवी घेऊन, सोबत लहान रकमेनं ट्रेडिंग करून जमलं नाही, तर तेविसाव्या वर्षी बँकेची परीक्षा, अकाउंट्स, एम.बी.ए., ब्रोकरकडची नोकरी, सगळं उघडं. आणि जमलंच तर? दोन्ही वाटांनी जमतं. पदवीच्या वाटेनं दोन वर्षं उशिरा.

आमच्याकडच्या मंडीवाल्यांचंही तेच झालं. छावनी मंडीतले सोयाबीनचे जाणकार मुठीत दाणे घेऊन ओलावा सांगायचे, आणि वायद्यात कमवायचेही. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे मुदत वाढवतच नेली. ज्यांचा हजर मालाचा धंदा होता ते टिकले. फक्त वायद्यावर जगणाऱ्यांना रातोरात दुसरं काम शोधावं लागलं.

मग काय करावं

ज्याच्याकडे दोन वर्षांचा घरखर्च बाजूला आहे, निदान दोनशे सौद्यांची वही लिहिलेली आहे आणि सगळे चार्जेस वजा करून ती नफ्यात आहे, त्यानं पूर्ण वेळ ट्रेडिंगचा विचार जरूर करावा, पदवी असो वा नसो. भाच्याकडे तिन्हींपैकी एकही नाही.

शिवाय हे 'कॉलेज की मार्केट' असं राहिलेलंही नाही. मध्य प्रदेशात २०२१ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू आहे. एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीन वर्षांवर पदवी. दुसऱ्या वर्षाचे पेपर न देता उठणं म्हणजे डिप्लोमासुद्धा सोडून जाणं. रोज कॉलेजात जायचं नसेल तर प्रायव्हेट फॉर्म भरता येतो. सव्वानऊ ते साडेतीनचा बाजार हवा असेल तर तो मार्ग बरा, फक्त अभ्यास रात्री. आणि सिरीज आठची परीक्षा याच उन्हाळ्यात द्यायची. तीत साठ पडत नसतील तर रोज ऑप्शन विकत घेण्यात काय अर्थ आहे?

भाच्यानं अजून हो म्हटलेलं नाही. पन्नास हजारांपैकी तीस त्यानं आपणहून काढून ताईच्या खात्यात टाकले आणि दिवसाला दोनच सौदे करतो म्हणाला. कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म मात्र भाऊजींनी परस्पर भरून टाकला, लेट फीसकट, आणि त्यावरून घरात नवं भांडण सुरू आहे.