गळीत हंगामभर चालवलेला मॅनेज्ड स्विच: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या साखर कारखान्यात गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिस, प्रयोगशाळा, गव्हाण (ऊस टाकतात ती जागा) आणि वजनकाटा इथे 24 पोर्टचे चार मॅनेज्ड स्विच (कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारे, दुरून सेटिंग करता येणारे डबे) बसवले. काटा ऑफिसपासून पाऊण किलोमीटरवर, आणि हंगामात रात्री दोनलाही उसाच्या ट्रॉल्यांची रांग असतेच. त्यामुळे जागेवर न जाता स्विच हाताळता यावा, ही माझी पहिली अट होती. ती त्याने पाळली, पण खोक्यातून काढून नुसता लावला असता तर मी हे लिहिलं नसतं.

आला तेव्हा टेलनेट (दुरून स्विचवर लॉगिन करायची जुनी पद्धत) चालू होतं आणि एसएनएमपीची (स्विचकडून दुरून आकडे मागवायची पद्धत) कम्युनिटी, म्हणजे तिचा पासवर्डच, 'पब्लिक'. टेलनेट म्हणजे पोर्ट 23 वरून सगळं उघडं जाणार. हाताखालच्या मुलाला वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारं सॉफ्टवेअर) माझ्याच पासवर्डचं एकेक अक्षर दाखवलं, तेव्हा त्याला पटलं. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं; त्यात तेच लॉगिन कुलूपबंद होऊन जातं. आधी होस्टनेम आणि डोमेन नेम, मग 2048 बिटांची आरएसए की (त्या कुलपाची किल्ली), मग व्हीटीवाय ओळींवर (दुरून लॉगिन करायच्या वाटा) 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच', एवढंच काम. मी ते 0 ते 4 वर दिलं आणि 5 ते 15 तशाच, टेलनेटला उघड्या राहिल्या. महिन्याभराने कॉन्फिग (स्विचची सगळी सेटिंग) वाचताना ते लक्षात आलं.

डिसेंबरात एका रात्री काट्याच्या स्विचवर अ‍ॅक्सेस लिस्ट (कुठल्या पत्त्यांवरून आत येता येईल त्याची यादी) लावताना सबनेटचा, म्हणजे पत्त्यांच्या गटाचा, एक आकडा चुकला. सेशन बंद केलं, पुन्हा जोडायला गेलो तर दार बंद. कॉन्फिग सेव्ह केलेली नव्हती, वीज बंद-चालू केली असती तर काम झालं असतं. पण तेवढा वेळ वजन थांबलं असतं आणि बाहेर शेतकरी थंडीत उभे होते. मोटारसायकल काढली, काट्याच्या केबिनमध्ये मांडीवर लॅपटॉप घेतला, कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला लावायची वायर) जोडून स्पीड 9600 ठेवला आणि दोन मिनिटांत चूक दुरुस्त केली. तेव्हापासून असा कुठलाही बदल करण्याआधी 'रीलोड इन 10' (दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो) देतो. बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो; सगळं नीट असलं तर रीलोड रद्द करून मग सेव्ह. काट्यावर मात्र हे रांग नसतानाच करतो, कारण रीस्टार्ट झाला तर वजन थांबणारच.

पैसे खरे वसूल झाले ते एसएनएमपी व्हर्जन 3 मुळे. ऑथेंटिकेशन (विचारणाऱ्याची ओळख तपासणं) आणि एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करणं) दोन्ही चालू करायला एक संध्याकाळ गेली. मग त्यातून दिसलं: गव्हाणीच्या एका पोर्टवर क्रेन चालू झाली की एरर वाढायच्या, थांबली की आकडा थांबायचा. आम्ही तोवर कॉम्प्युटरलाच दोष देत होतो. जाऊन पाहिलं तर नेटवर्कची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये बांधलेली. वेगळी काढली, एरर बंद. आलेख काढताना 64 बिटांचे काउंटर (पोर्टवरून गेलेला डेटा मोजणारे आकडे) घ्या. गिगाबिट पोर्ट पूर्ण भरून चालला तर 32 बिटांचा काउंटर साधारण 34 सेकंदांत शून्यावर येतो आणि पाच मिनिटांचा आलेख खोटा निघतो.

तक्रारी दोन. वेब पान फार संथ आहे, मी ते बंदच केलं. आणि वीज गेली की घड्याळ मागच्या सालात जातं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावेपर्यंत लॉगमधल्या वेळांवर भरवसा ठेवता येत नाही. डिस्टिलरीसाठी पाचवा हाच मागवलाय.