हिप रिप्लेसमेंटनंतर मुंबईचा फ्लॅट की गावचं घर?

ऑपरेशन कुठे करायचं हे बहुतेक घरांत आपोआप ठरतं. मुलं मुंबईत असली तर मुंबईला, सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला, वैभववाडी-कणकवलीची घाट चढून कोल्हापूरला, चिपळूणकडची डेरवणला. खरी ओढाताण सुरू होते ती डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर. हल्ली 3 ते 5 दिवसांत घरी सोडतात. टाके अजून ओले, हातात वॉकर, आणि पुढचे दीड-दोन महिने काढायचे कुठे यावर वॉर्डाबाहेरच भावंडांची वादावादी.

आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले. सासूबाईंनी ते दिवस ठाण्याच्या फ्लॅटमध्ये काढले, मावशीने मालवणजवळच्या स्वतःच्या घरात. दोघीही आज चालतात-फिरतात. पण दोन्हीकडची अडचण वेगळी होती, आणि ती आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. संडास कसला आहे आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात कोण असतं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निर्णय जवळजवळ झालेला असतो. गावची हवा, शहरातले डॉक्टर, हे सगळं त्यानंतर.

खुब्याला काय चालत नाही

मांडीच्या हाडात बसवलेली धातूची दांडी, तिच्यावर गोळा आणि कमरेच्या हाडात वाटी, असा हा नवा सांधा असतो. गोळा वाटीत टिकून राहतो तो बराचसा भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर, आणि ऑपरेशनमध्ये नेमके तेच स्नायू कापलेले किंवा बाजूला सारलेले असतात. ते भरून येईपर्यंत गोळा निसटायची भीती. म्हणून मागच्या बाजूने चीर दिली असेल तर साधारण 6 ते 12 आठवडे तीन गोष्टी वर्ज्य: खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पाय शरीराच्या मधल्या रेषेपलीकडे न्यायचा नाही, पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. पुढून चीर दिली असेल तर बंधनं वेगळी आणि सहसा कमी असतात. चीर कुठून दिली आणि बंधनं किती दिवस, हे सर्जनकडून डिस्चार्जपूर्वी लिहून घ्या. शेजारच्या काकूंना काय सांगितलं होतं ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

आता हे कोकणातल्या घरात लावून बघा. विळी जमिनीवर, जेवायला पाट, देवासमोर मांडी, संडासात उकिडवं. आपला दिवसच काटकोनाच्या पलीकडे जातो. फ्लॅटमध्ये ओटा उभा, टेबल, कमोड. या एका बाबतीत शहराचं पारडं सरळसरळ जड आहे.

संडास आणि न्हाणी

सगळ्यात जास्त विचार इथे करा. फ्लॅटमध्ये कमोड असतोच, पण तो बहुधा बुटका असतो. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर आले की बंधन मोडलं. सर्जिकलच्या दुकानात कमोडवर बसवायची उंच प्लास्टिकची सीट मिळते, ती ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवायची. दुसरी गोष्ट, फ्लॅटची बाथरूम इतकी चिंचोळी की वॉकर आत वळत नाही आणि दार आतल्या बाजूला उघडतं. सासूबाईंच्या वेळी आम्ही दार काढून पडदा लावला. दिसायला विचित्र, पण दाराशी झटापट संपली. टाइलला चिकटणारे व्हॅक्यूमचे हँडल मात्र घेऊ नका. ते कधी सुटतील भरवसा नाही. भिंतीत ड्रिल करून बसवलेला स्टीलचा दांडा हवा.

गावी जुन्या घरात संडास परसात असेल तर पहिले काही आठवडे तो विसरून जायचा. चार पायांची कमोडची खुर्ची, खाली भांडं असलेली, खाटेजवळ ठेवायची. भारतीय पद्धतीचा संडास घरातच असेल तर त्याच खुर्चीचं भांडं काढून ती संडासाच्या भांड्यावर सरळ उभी करता येते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते उगाच फोडाफोडी काढून बसतात. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या आहेत ना, ते पाहून घ्या.

न्हाणीत चुलवणावर तापलेलं पाणी आणि दगडी फरशी हे सुख खरं, पण फरशीवरचा साबणाचा थर काथ्याने घासून काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. अंघोळ उंच स्टुलावर बसून, दुसऱ्याच्या हाताने पाणी घेऊन. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी ठेवायची आणि ती पूर्ण भरेपर्यंत नदी-समुद्राचं नाव काढायचं नाही.

आरामखुर्ची, झोपाळा, सोफा

पडवीतली आरामखुर्ची आजारी माणसासाठीच केलेली वाटते, आणि घरी आल्या आल्या सगळे त्याच खुर्चीकडे बोट दाखवतात. खुब्याच्या दृष्टीने ती घरातली सगळ्यात वाईट जागा. माणूस त्यात मागे कलंडतो, गुडघे वर येतात, आणि उठताना पुढे वाकून पूर्ण जोर लावावा लागतो. झोपाळाही नको, तो बसतानाच मागे सरकतो. फ्लॅटमधला मऊ, खोल सोफा हे त्याच जातीचं शहरी रूप.

हवी ती कडक बैठकीची, हातांची खुर्ची. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यात दोन इंच मिळवा. साधारण 18 ते 20 इंच भरतं, उंच माणसाला जास्त. खाट बुटकी असेल तर गावी चिरे रचून उंच करतात. चालेल, पण चिरा एकसंध आणि खाटेचा पाय त्यावर घट्ट बसणारा हवा. सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घेतले तर उत्तम. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी.

दारापर्यंत पोहोचणं

मुंबईत पहिला प्रश्न लिफ्टचा. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर माणूस घरात पोहोचतो, पण पुढचे आठवडे खाली उतरत नाही. गिरगाव-परळच्या चाळीत सामायिक संडास गॅलरीच्या टोकाला असतो. तिथे हा विचारच सोडा.

गावी प्रश्न पाखाडीचा. रत्नागिरी-गुहागरकडे रस्ता वर आणि घर खाली असतं, मध्ये चिऱ्यांच्या उंचसखल पायऱ्या. गाडी दारात येत नसेल तर रुग्णाला खुर्चीत बसवून चार माणसांनी उतरवता येतं, पण रात्री काही झालं तर वर कसं आणणार? याचं उत्तर तयार असेल तरच जा. घराच्या जोत्याच्या चार-पाच पायऱ्या ही मोठी अडचण नाही. फिजिओथेरपिस्ट हॉस्पिटलमध्येच शिकवतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उंच उंबरठा, माजघराचं अरुंद दार, पायात घोटाळणारा कुत्रा आणि कोंबड्या यांचा मात्र बंदोबस्त हवा. साडीच्या निऱ्या वॉकरच्या पायात अडकतात, तेव्हा तेवढे दिवस गाऊन. सपाता नकोत, मागे पट्टा असलेलं पायताण हवं.

दिवसा कोण?

ठाण्यात मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडत होती. बाई ठेवली होती, ती अकराला यायची आणि दोनला जायची. मधले तास सासूबाई, टीव्ही आणि खुर्ची. पाणी प्यायला उठायचा कंटाळा, म्हणून पाणी कमी. पाणी कमी आणि दुखण्याच्या गोळ्या, म्हणून पोट साफ नाही. डॉक्टर जवळ असून त्या खंगल्यासारख्या दिसायला लागल्या, तेव्हा नणंदेने आठवडाभर रजा काढली आणि चित्र बदललं.

मावशीकडे उलटं. दिवसभर खळ्यात कोणी ना कोणी. ‘कसा वाटता आता?’ विचारायला येणारा प्रत्येक जण तिला दोन फेऱ्या मारायला लावायचा. पेज, कुळथाची पिठी, ताजी मासळी वेळेवर. पण उचलायची, आधार द्यायची वेळ आली की घरात काका, वय पंचाहत्तर, स्वतःची कंबर धरून. गावी माणसं भरपूर असतात हे खरं. त्यातलं अंगात जोर असलेलं आणि रात्री घरात झोपणारं कोण, ते मोजा. शिवाय मायेपोटी तेल घेऊन चोळायला बसणारं कोणीतरी असतंच. पोटरी चोळू देऊ नका. या दिवसांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून तर रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इंजेक्शन अनेकदा 35 दिवसांपर्यंत चालू ठेवतात. ते औषध चुकवायचं नाही आणि त्याच्या जोडीला कोणाचा काढा सर्जनला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

डॉक्टरपासूनचं अंतर

रोजच्या बरं होण्यात सर्जन फारसा लागत नाही. लागतो तो अचानक. पोटरी सुजून दुखणं. जखमेतून पाणी-पू येणं, ती लाल होणं, ताप. बसता-उठता कट्कन होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं आणि त्यावर भार न पेलणं. गोळा निसटला असेल तर घरी ओढाओढ करायची नाही, हलवायचं नाही, 108 ला फोन करायचा. दम लागणं, छातीत दुखणं असेल तर एक मिनिटही थांबू नये, कारण पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. ठाण्यात हे सगळं अर्ध्या तासाच्या आत. गावी तुमच्या घरापासून हाडांच्या डॉक्टरपर्यंत किती वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून पाहा.

टाके निघण्याआधी मुंबईहून सिंधुदुर्गाला नेणं मला पटत नाही. साडेचारशे-पाचशे किलोमीटर गाडीत बसणं म्हणजे गुठळीला आमंत्रण. नंतर न्यायचं झालं तर सर्जनची परवानगी घेऊन, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, पाठ कललेली, बैठकीवर उशी घालून उंची वाढवलेली, आणि दर तासाला उतरून दोन मिनिटं चालून. कोकण रेल्वे आरामाची वाटते, पण डब्याच्या पायऱ्या उभ्या असतात, काही स्टेशनांवर फलाट ठेंगणा आणि खालचा बर्थ बुटका. बांबोळीहून सावंतवाडी किंवा डेरवणहून चिपळूण हा प्रवास असला तर हा सगळा मुद्दाच बाद, सरळ घरी जा.

व्यायामाबद्दल शहरात फिजिओथेरपिस्ट घरी येतात, खेड्यात सहसा येत नाहीत. तरी यावरून मी निर्णय करणार नाही. पाऊल वर-खाली हलवणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, टाच सरकवत गुडघा दुमडणं, उभं राहून पाय बाजूला नेणं, एवढं शिकून घेतलं की पुढचं काम चालण्याचं. लांब पडवी आणि सारवलेलं सपाट खळं यापेक्षा चांगली जागा फ्लॅटच्या पॅसेजमध्ये मिळत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर गावचं घर माझ्या यादीतून जवळजवळ निघून जातं. 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, चिऱ्यावर शेवाळ, ओल्या पायांनी घरभर वावरणारी माणसं, लाईट गेलेली आणि फोनला रेंज नाही. त्यात चतुर्थी आली की घर भरतं आणि आजीने गणपतीसमोर खाली बसून नमस्कार करावा असा आग्रह होतो. तारीख आपल्या हातात असेल तर ऑपरेशन दिवाळीनंतर, नाहीतर शिमग्याच्या आसपास. म्हणजे मृग लागेपर्यंत काठीवर येता येतं.

मधला रस्ता

कुडाळ, कणकवली, चिपळूण, रत्नागिरी अशा ठिकाणी नातेवाइकांचं तळमजल्याचं घर असेल किंवा दीड महिन्यासाठी ब्लॉक मिळाला तर त्याचा विचार जरूर करा. कमोड असतो, रिक्षा दारात येते, फिजिओथेरपिस्ट आणि हाडांचा डॉक्टर गावात, आणि घरून जेवणाचा डबा येतो. खर्च वाढतो, शिवाय सोबतीला घरचं एक माणूस तिथे राहावं लागतं. घरी पाखाडी असलेल्यांना मी हाच पर्याय सुचवते.

ठरवून केलेलं ऑपरेशन असेल आणि गावी घरात कमोड, दारात गाडी, रात्री सोबतीला धट्टंकट्टं माणूस असेल, तर टाके निघाल्यावर उरलेला काळ गावी. यातली एक गोष्ट जरी नसली तर फ्लॅट, पण मग दिवसभर घरात थांबणाऱ्या माणसाची सोय आधी करा. ती होणार नसेल तर फ्लॅटचा उपयोग नाही.

पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणून सांधा बदलावा लागला असेल तर हिशोब बदलतो. घर आधी तयार करायला वेळ मिळालेला नसतो, माणूस बहुधा वयस्क आणि घाबरलेला, हाडं ठिसूळ. अशा वेळी सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत हॉस्पिटलच्या जवळ ठेवा आणि हाडांच्या ठिसूळपणावरचे उपचार त्याच डॉक्टरांकडून सुरू करून घ्या. तेवढ्या वेळात गावी गवंडी बोलावून, जिथे पाय घसरला होता ती पायरी नीट करून तिला कठडा बसवून घ्या.