ट्रेलवर कुठली काच चालते: ऑक्टोबरच्या उन्हापासून श्रावणापर्यंतच्या वापरानंतर

ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, सायकल चालवताना घालायच्या गॉगलच्या एकाच फ्रेममध्ये चार काचा आलटून पालटून वापरल्या: १२ टक्क्यांची करडी मिरर, ३५ टक्क्यांची तांबूस, एक उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक आणि एक पूर्ण पारदर्शक. वापर बहुतेक पुण्याच्या वेताळ टेकडीवर आणि ताम्हिणीकडच्या झाडीतल्या वाटांवर. निष्कर्ष आधीच सांगतो. ट्रेलसाठी काच घ्यायची ती वाटेवरच्या सगळ्यात अंधाऱ्या जागेच्या हिशेबाने. कडक ऊन हेल्मेटच्या व्हायझरखाली डोळे बारीक करून निभावता येतं, सावलीत न दिसलेला दगड निभावता येत नाही.

टक्के म्हणजे काचेतून आरपार येणारा दृश्य प्रकाश, म्हणजेच व्हीएलटी. आयएसओ १२३१२-१ या मानकात त्याचे पाच वर्ग आहेत: शून्यात ८० ते १०० टक्के, एकमध्ये ४३ ते ८०, दोनमध्ये १८ ते ४३, तीनमध्ये ८ ते १८ आणि चारमध्ये ३ ते ८. वर्गाचा आकडा बहुधा काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. दुकानात मिळणारे बहुतेक गॉगल तिसऱ्या वर्गातले. डांबरी रस्त्याला किंवा समुद्रकिनाऱ्याला ते उत्तम, पण झाडीतल्या वाटेला नाहीत. चौथा वर्ग हिमनदी आणि बर्फासाठी असतो, तो घालून रस्त्यावर वाहन चालवू नये असं मानकच सांगतं.

थोडा हिशेब करून बघा. उघड्या माथ्यावर भर दुपारी लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, दाट झाडीखाली तो काही हजारांवर येतो. समजा चार हजार. १२ टक्क्यांच्या काचेतून त्यातले पाचशेही डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे दिवा लावलेल्या खोलीइतका उजेड, आणि तोही नुकत्याच उन्हातून आलेल्या डोळ्यांना. ३५ टक्क्यांच्या काचेतून चौदाशे मिळतात. ताशी ३० किलोमीटरने उतरणारी सायकल सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. बाहुली मोठी व्हायला काही सेकंद लागतात, दृष्टिपटलाला अंधाराशी जुळवून घ्यायला मिनिटं. तेवढ्यात निम्मा उतार संपलेला असतो.

वेताळ टेकडीवर हा प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतो. तिथे गिरिपुष्पाची लागवड मोठी आहे आणि हिवाळा सरता सरता ती झाडं पानं टाकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटेवर सलग सावली उरत नाही, नुसत्या फांद्यांचे काळे पट्टे पडतात. या पट्ट्यांत सुट्या मुरमाची घसरगुंडी, आडवं आलेलं मूळ आणि निव्वळ सावली यांतला फरक ओळखणं पूर्ण सावलीपेक्षा अवघड जातं. करड्या मिरर काचेने इथेच दगा दिला. पट्टे आणखी काळे झाले आणि त्यांच्या आतलं काही दिसेना. ताम्हिणीच्या दाट झाडीत सावली खोल असली तरी निदान एकसारखी असते.

रंगाबद्दल. करडी काच रंग आहेत तसे ठेवते, रस्त्यावर तोच तिचा गुण. ट्रेलवर मात्र आपल्याला रंगांपेक्षा चढउतार बघायचे असतात. तांबूस, गुलाबी आणि अंबर काचा निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवतात. सावलीत पडणारा उजेड आकाशाचा, म्हणजे निळसर असतो. तो कमी झाला की खड्ड्याची कड, दगडाची धार आणि चाकोरीची खोली उठून दिसते. तांबूस काचेतून वाळलेलं पिवळं गवत आणि त्यात दडलेला काळा बसाल्ट स्पष्ट वेगळे होतात. लाल मातीत, म्हणजे महाबळेश्वरच्या जांभ्यावर किंवा कोकणात, फार गडद लाल काच घेऊ नका. तिथे जमीनच त्या रंगाची असल्याने फरक पुसट होतो, अंबर बरी पडते. मोठ्या कंपन्यांच्या ट्रेलसाठीच्या काचा याच पट्ट्यात असतात. उदाहरणार्थ, ओकलीची ‘प्रिझम ट्रेल टॉर्च’ ३५ टक्क्यांची आहे. नाव कुठलंही असो, २८ ते ४५ टक्के आणि तांबूस ते अंबर, एवढं जमलं की पुण्याच्या आसपास वर्षातले आठ महिने एकच काच पुरते.

फोटोक्रोमिक काचेकडून लोकांची अपेक्षा फार असते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. ती अतिनील किरणांनी काळी होते, दृश्य उजेडाने नाही. काळी व्हायला अर्धा मिनिट पुरतं, पण परत उजळायला दोन-तीन मिनिटं सहज जातात. झाडीत शिरल्यावर ती शंभर मीटरमध्ये उजळेल असं समजून तुम्ही उतार घेतलात, तर अंदाज चुकणारच. शिवाय तापमानाचा परिणाम उलटा असतो. डिसेंबरच्या गार सकाळी ती जास्त काळी होते आणि सावकाश उजळते. एप्रिलमध्ये, जेव्हा काळेपणा हवा असतो, तेव्हा गरम काच पुरती काळी होतच नाही. मग ती कुणासाठी? पहाटे अंधारात निघून नऊ-दहा वाजता उन्हात परतणाऱ्यांसाठी. उजेड हळूहळू बदलतो तिथे तिच्याइतकी सोयीची काच नाही. घेताना दोन आकडे बघा. उजळलेली असताना ७५ टक्क्यांच्या वर आणि काळी झाल्यावर २० टक्क्यांच्या आसपास, हा पल्ला ट्रेलला योग्य. ‘वर्ग १ ते ३’ लिहिलेल्या काचेत उजळलेली असतानाचा आकडा ४५ आहे की ७८, हे विचारून घ्या. दोन्ही आकडे पहिल्या वर्गातच मोडतात. दोन-तीन वर्षांनी या काचेतलं रसायन थकतं, तेही गृहीत धरा.

पोलराइज्ड काच ट्रेलला नको, हे ठाम मत. पावसाळ्यात बसाल्टवरचं शेवाळ आणि ओलं मूळ आपल्याला त्यांच्या चकाकीमुळे कळतं. पोलराइज्ड काच नेमकी ती चकाकी पुसते आणि ओला दगड कोरड्यासारखा दिसायला लागतो. काही सायकल कॉम्प्युटरचा पडदाही तिच्यातून ठराविक कोनात काळा दिसतो. डबक्याचा तळ दिसतो हा फायदा खरा आहे, पण त्यासाठी एवढी किंमत मोजू नये.

जून लागला की पारदर्शक काच. ढग, धुकं, झाडी आणि वर चिखलाचे शिंतोडे अशा वेळी ३५ टक्केही गडद वाटतात. रात्री दिवा लावून चालवणाऱ्यांनी पिवळी काचसुद्धा घालू नये. दृश्य ‘उजळ’ भासतं, प्रत्यक्षात उजेड कमी होतो. पारदर्शक काचेने अतिनील किरणं आत येतील ही भीती मात्र निराधार आहे. अशा काचा ज्या प्लास्टिकच्या असतात ते पॉलिकार्बोनेट मुळातच ती अडवतं, काळेपणाशी त्याचा संबंध नाही. खात्री हवी असेल तर यूव्ही मीटर असलेल्या चष्म्याच्या दुकानात मिनिटभरात तपासून मिळतं. व्हीएलटी घरीच तपासता येते. फोनवर लक्स मोजणारं ॲप घ्या, फोन एका जागी ठेवून पांढऱ्या भिंतीकडे रोखा, आकडा लिहा. मग सेन्सरवर काच धरून परत आकडा घ्या आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. चार-पाच टक्के इकडेतिकडे होतं, पण १५ आणि ३५ यांतला फरक लपत नाही.

काच पॉलिकार्बोनेटचीच हवी, ट्रायवेक्स हे तसंच मजबूत प्लास्टिकही चालेल. पुढच्या चाकाने उडवलेला खडा आणि बाभळीची फांदी, दोन्हींचा मार थेट डोळ्यावर येतो. ‘झेड८७+’ असा अमेरिकी सुरक्षा-चष्म्यांच्या मानकाचा शिक्का असेल तर ती काच ६.३५ मिलिमीटरच्या पोलादी गोळीचा सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने बसलेला मार सोसते. खरी काच दिसायला स्वच्छ असते, ओरखडे कमी घेते, पण फुटली तर तिचे तुकडे डोळ्यात जातात.

पॉलिकार्बोनेटची अडचण म्हणजे ते मऊ असतं. आपल्याकडची धूळ बसाल्टची आणि मुरमाची, बारीक काचपेपरसारखी. घामेजल्या जर्सीच्या टोकाने पुसलं की मधोमध बारीक गोल चरे उमटतात आणि मावळतीच्या उन्हात समोर नुसता पांढरा धुरकटपणा दिसतो. मिररचा थर बाहेरच्या बाजूला असल्याने तो आधी जातो. आमच्या मिरर काचेवर नाकाच्या बाजूला मार्चपर्यंतच टक्कल पडलं होतं. वाटेत पुसायची वेळ आली तर बाटलीतल्या पाण्याने धूळ ओघळू द्यायची, झटकायची, तशीच घालायची. घरी नळाखाली धरून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटांनी दोन्ही बाजूंना फिरवायचा, धुऊन मायक्रोफायबरने टिपायचं. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, त्याचा तेलकट थर काचेवर येतो. घामाचं मीठ रात्रभर काचेवर वाळू देऊ नका. डीट हे रसायन असलेलं डासांचं क्रीम लावलेल्या हातांनी काच धरू नका, ते प्लास्टिकचा पृष्ठभाग खातं. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवला की काचेवरच्या थरांना जाळीदार तडे जातात.

वाफ धरण्याचं कारण बहुतेक वेळा काच नसते, बसवणी असते. काच भुवईला किंवा गालाला टेकली की हवा खेळत नाही. वाकवता येणारे नोजपॅड असतील तर काच तीन-चार मिलिमीटर पुढे येईल असे वळवा, त्याने निम्मा त्रास संपतो. चढावर वेग कमी झाला की गॉगल नाकावर खाली ओढायचा किंवा हेल्मेटच्या झरोक्यांत खोचायचा आणि उतारापूर्वी परत घालायचा. आतला अँटीफॉग थर बोटाने घासून जातो, म्हणून आतून कधीही कोरडं पुसायचं नाही.

चष्म्याचा नंबर असलेल्यांना दोन वाटा आहेत. काचेमागे बसणारी नंबरची क्लिप स्वस्त, शिवाय पुढची काच बदलता येते. पण पावसाळ्यात वाफ धरायला आणखी दोन पृष्ठभाग मिळतात. थेट नंबरची वक्र काच बसवली तर स्वच्छ दिसतं, पण जास्त नंबरला कडेने दृश्य वाकतं, म्हणून ऑप्टिशियनला फ्रेमच्या वळणाचा हिशेब धरून काच बनवायला सांगावं लागतं. बायफोकल घेऊच नका. पुढच्या चाकाजवळची जमीन नेमकी खालच्या, जवळच्या नंबरातून दिसते आणि धूसर होते.

पैसे एकदाच घालायचे असतील तर काच बदलता येणारी फ्रेम घ्या, तिच्यात ३५ टक्क्यांची तांबूस लावा आणि पारदर्शक काच मऊ पिशवीत घालून बॅगेत ठेवा. फ्रेम घेण्यापूर्वी तिची सुटी काच भारतात मिळते का आणि कितीला, हे विचारा. काही फ्रेमची सुटी काच निम्म्या किमतीची असते, काहींची मिळतच नाही. काच बदलताना कडेला धरा, आधी नाकाकडची खाच बसवा, मग बाहेरची. उलट केलं की फ्रेमचा प्लास्टिकचा ओठ तुटतो. तो तुटला की काच खडबडीत उतारावर थरथरत राहते आणि समोरची वाट हलती दिसते.