आईला क्वेटियापिन सुरू करायचं का, रिस्पेरिडोन, की आधी दुसरं काही?

डिमेन्शिया असलेली आई दिवसभर बरी असते, तिन्हीसांजा झाल्या की "मला माझ्या घरी जायचंय" म्हणत दाराशी जाते, अडवलं तर मारते, रात्री घरात कुणाला झोप नाही, मग डॉक्टर म्हणतात क्वेटियापिन २५ देऊन बघू. ती चिठ्ठी हातात घेऊन विचार करत बसला असाल तर हे तुमच्यासाठी.

ही अँटिसायकोटिक गटातली औषधं, मुळात स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा मानसिक आजारांची. डिमेन्शियातल्या चिडचिडीसाठी दिली तर बहुतेक वेळा तो ऑफ-लेबल वापर होतो, म्हणजे मंजुरी एका आजाराची आणि वापर दुसऱ्याच. असं देणं चूकच असतं असं अजिबात नाही, पण इथे धोका माहीत असूनच द्यावं लागतं. अमेरिकेची औषधं मंजूर करणारी संस्था एफडीएने २००५ मध्ये १७ चाचण्या तपासल्या, तर साधारण १० आठवड्यांत ही औषधं घेणाऱ्या डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये ४.५ टक्के मृत्यू होते आणि डमी गोळीवाल्यांत २.६ टक्के, बरेचसे हार्टचे किंवा न्यूमोनियासारख्या इन्फेक्शनचे. २००८ मध्ये तोच इशारा याच गटातल्या हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही आला. शिवाय स्ट्रोक, तोल जाऊन पडणं, दिवसा गुंगी.

आता क्वेटियापिन की रिस्पेरिडोन. क्वेटियापिन सगळ्यांना सौम्य वाटतं कारण पेशंट झोपतो आणि हातपाय ताठ होणं कमी, म्हणून पार्किन्सन्स असेल तर डॉक्टर त्याकडे वळतात. पण चिडचिड, मारहाण यावर त्याचा पुरावा कच्चा आहे, बऱ्याचदा जे शांत होणं दिसतं ती नुसती झोप असते, आणि झोपेत उठून बाथरूमला जाताना बीपी उतरून पडलं की खुब्याचं हाड गेलंच. रिस्पेरिडोनचा पुरावा त्यापेक्षा बरा, ब्रिटनमध्ये अल्झायमर्समधल्या सततच्या आक्रमकपणासाठी त्याला मंजुरीसुद्धा आहे, पण जास्तीत जास्त ६ आठवडे, तेही बाकीचे उपाय थकल्यावर. त्याचा तोटा म्हणजे ताठरपणा, थरथर, आणि स्ट्रोकचा धोका, आधी स्ट्रोक झालेला असेल तर फार जपून. याच गटातल्या ओलान्झापिनने वजन आणि शुगर वाढते, डायबिटीस असलेल्या घरात मी तरी ते आधी विचारात घेणार नाही. झोपेच्या गोळ्यांनी, अल्प्राझोलाम वगैरे, गोंधळ आणि पडणं दोन्ही वाढतं, तो सुरक्षित पर्याय समजू नका.

आणि एक गोष्ट डॉक्टरांना न विचारता पुढे जाऊ नका: हा लुई बॉडी डिमेन्शिया तर नाही ना? नसलेली माणसं, प्राणी स्पष्ट दिसतात, एक दिवस चांगला एक दिवस वाईट, चाल अडखळती, असं असेल तर या औषधांनी, हॅलोपेरिडॉलने तर खासच, पेशंट एकदम ताठ होऊन गंभीर होऊ शकतो.

आता गोळीशिवायचा रस्ता, आणि माझं मत विचाराल तर पहिला नंबर याचाच. वागणं चार-आठ दिवसांत अचानक बिघडलं असेल तर लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, दुखणारी दाढ किंवा गुडघा, नवीन सुरू झालेली गोळी (सर्दी-खाजेच्या गुंगीच्या गोळ्या आणि लघवीवर ताबा येण्यासाठीच्या काही गोळ्या मेंदूचा गोंधळ वाढवतात), यातलं काहीतरी बऱ्याचदा सापडतं, तिला सांगता येत नाही म्हणून ती चिडते. नॉर्वेत नर्सिंग होममधल्या ३५२ लोकांवर अभ्यास झाला, तिथे दुखण्यावर नीट उपचार केले, बऱ्याच जणांना फक्त पॅरासिटामॉल, आणि अस्वस्थपणा कमी झाला. कानाचं मशीन, चष्मा, पाच वाजताच लाइट लावणं, दुपारची झोप कमी करणं, "हेच तुझं घर" असा वाद घालण्याऐवजी "चल, आधी चहा घेऊ" म्हणणं, हे फुकट आहे पण सोपं नाही, दिवसभर एकटी सून हे करत असेल तर तिचा जीव जातो, म्हणून चार तासांची बाई ठेवणं हासुद्धा उपचाराचाच खर्च धरा. आधाराला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आणि फुकट.

पण आई खरंच कुणाला इजा करतेय, किंवा भास होऊन घाबरून थरथरतेय, तर गोळी द्या, अपराधी वाटून घेऊ नका. मी असते तर कमीत कमी डोसचं रिस्पेरिडोन, आधी ईसीजी, आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून पुढची तारीख लिहून घेतली असती. ४ आठवड्यांत फरक नसेल तर हळूहळू बंद, फरक असेल तर ब्रिटनच्या त्या ६ आठवड्यांपुढे चालवायचं का हे डॉक्टरांना विचारायचं, आणि चालवलं तरी ३-४ महिन्यांत कमी करून बघायचं. चिठ्ठी रिपीट होत राहते आणि दोन-दोन वर्षं गोळी चालू राहते, तिथेच खरं नुकसान आहे: ब्रिटनमधल्या एका चाचणीत औषध चालूच ठेवलेल्यांपैकी २ वर्षांनी ४६ टक्के जिवंत होते, डमी गोळीवर नेलेल्यांपैकी ७१ टक्के. आधीच चालू असेल तर मात्र हे वाचून आज रात्री स्वतःहून बंद करू नका, डोस डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा.